एकशे चव्वेचाळीसनंतरचं पान

मला घरात सगळे फौजदार म्हणतात. तोंडावर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मी ऐकून ठेवलेलं आहे. शेजारीण जरा गोड बोलली की मला वाटतं, हिला काहीतरी हवंय. नवरा दुपारी जेवून आडवा झाला आणि घोरायचा थांबला की मी जाऊन त्याच्या नाकाशी हात धरते. "जिवंत आहे मी, जा," असं तो डोळे न उघडता म्हणतो. बिचाऱ्याला सवय झाली आहे. त्यातून मी विमा कंपनीत दावे तपासायचं काम करते, म्हणजे माझ्या संशयाचा मला पगारही मिळतो.

तर अशा माणसाला मावशीने फोनवर हसत हसत सांगितलं, "अगं, मी वृद्धाश्रमात नाव घातलं. महिनाअखेरीला जाते." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की कुठेतरी पाणी मुरतंय. इतक्या आनंदाने कोणी वृद्धाश्रमात जातं का?

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. बाबांची दुसरी बायको. बाबांचं बाइंडिंगचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. ही बाई दुकानात शिलाईला होती. म्हणजे आई होती तेव्हापासूनच होती, हे मी नीट लक्षात ठेवलेलं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची आणि धाकटा पाचचा. वर्षभराने बाबांनी तिला वर आणली. "आई म्हणायची सक्ती नाही," बाबा म्हणाले. मी "मावशी" म्हणाले आणि आजतागायत तिथेच थांबले. धाकटा मात्र दोन-तीन महिन्यांत तिला आई म्हणायला लागला. लबाड कुठला. लाडूसाठी माणूस काय काय करतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

बाबा गेले, दुकान बंद पडलं, आणि मावशी एकटी वर राहू लागली. आता ती इमारतच पाडणार होते. धाकटा दुसऱ्या शहरात, दोन खोल्यांत पाच माणसं. त्याने मला विचारलं, "ताई, तुझ्याकडे मुलीची खोली रिकामी आहे ना?" मी म्हणाले, "सामानाने भरली आहे." खोटं नव्हतं. त्या खोलीत एक इस्त्रीचं टेबल आहे.

त्यानंतर चारच दिवसांनी मावशीचा हा असा फोन. मला तर दोघांनी संगनमत केल्यासारखंच वाटलं. म्हातारीने हसतमुखाने आश्रमात जायचं, लोकांनी मला नावं ठेवायची, मग मी शरमेने जाऊन तिला घेऊन यायचं, असा डाव असणार. म्हटलं, बघू तरी. रजा टाकली आणि सामान आवरायला मदत म्हणून गेले. मदत हे निमित्त होतं. खरं तर तपासालाच गेले होते.

मावशी दारातच उभी होती. कमरेत वाकलेली, केस पांढरेधोप, पण डोळे अजून सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचे.

"आलीस? चहा घे आधी."

"आश्रम कसा काय सुचला तुला एकदम?" मी चपला काढता काढताच विचारलं.

"आल्या आल्या उलटतपासणी!" ती हसली. "तिथे वाचनालय आहे गं. पुस्तकांच्या पाठी सगळ्या उसवल्यात. मी म्हटलं, मी शिवून देते. खूश झाले ते लोक."

"आणि इथून जायचं वाईट नाही वाटत?"

"वाटतं तर. पण वाटून काय करू?"

उत्तर सरळ होतं. सरळ उत्तर मिळालं की मी जास्तच सावध होते.

खाली दुकानात गेले. तोच वास, खळीचा आणि जुन्या कागदाचा. दाबयंत्राचं लोखंडी चाक गंजलेलं. टेबलावर दाभण, हाडाची पट्टी, मेणाचा गोळा, सगळं जागच्या जागी. मागच्या भिंतीला लावलेल्या फळीवर आमची पुस्तकं होती. आमची, म्हणजे माझी आणि धाकट्याची.

आमच्या घरी पुस्तकं कशी यायची ते सांगते. छापखान्यातून बाबांकडे छापलेले मोठे ताव यायचे. ताव घडी घातला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे ओळीने शिवले की झालं पुस्तक. आता छापताना काही ताव बिघडतातच. शाई पसरते, कागद तिरका जातो, एखादा रंग चढतच नाही. ते बिघडलेले फर्मे बाबा टाकून द्यायचे नाहीत. ते बाजूला जमवत राहायचे आणि पुरेसे झाले की आमच्यासाठी त्यांचं पुस्तक शिवायचे. त्यामुळे आमच्या घरात धड असं एकही पुस्तक नव्हतं. सर्कशीच्या गोष्टीत मधली सोळा पानं उलटी होती. तिथे आलो की आम्ही पुस्तक फिरवायचो, पण धाकटा मात्र स्वतः उलटा व्हायचा, डोकं जमिनीवर आणि पाय भिंतीला. जगप्रवासाच्या पुस्तकात फक्त निळा रंग चढला होता. निळं वाळवंट, निळे उंट, निळे लोक. मोठेपणी खरं वाळवंट चित्रपटात पिवळं दिसलं तेव्हा मला वाटलं, रंग बिघडलाय यांचा.

एक गुप्तहेराची गोष्ट होती. तिला शेवटचा फर्माच नव्हता. खून कोणी केला ते आमच्या घरात कोणालाच कधी कळलं नाही. बाबा म्हणायचे डॉक्टरने केला. धाकटा म्हणायचा माळ्याने. मी म्हणाले, "लेखकानेच केला, आणि पुरावा नको म्हणून शेवट छापला नाही." बाबा इतके हसले की हातातली खळ सांडली. फौजदार हे नाव तेव्हा पडलं.

पण मी ज्यासाठी फळीपाशी गेले होते ते पुस्तक वेगळं होतं. दीपगृहाचं पुस्तक. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह आहे. तिथे एक माणूस राहतो, त्याची मुलगी आणि लहान मुलगा राहतात. मुलांची आई वारलेली आहे. एक दिवस माणूस होडीतून एक बाई घेऊन येतो. पुस्तकात तिला नाव नाही, "नवी बाई" एवढंच. मुलगी तिच्यावर पाळत ठेवते. आता मला सांगा, नऊ वर्षांच्या मला ते पुस्तक सोडवणार होतं का? मला तर वाटलं, कोणीतरी आमच्या घरात डोकावून लिहिलंय. मी रोज संध्याकाळी धाकट्याला ते वाचून दाखवायचे, आवाज बारीक करून, मावशी आसपास नाही ना ते बघून.

एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर वादळ येतं. माणूस होडी घेऊन समुद्रात अडकलेला असतो. आणि ती नवी बाई एका हातात दोर घेते, दुसऱ्या हाताने त्या लहान मुलाला धरते आणि दीपगृहाचा जिना चढायला लागते. मुलगी दाराआडून बघत असते. तिथे पान संपतं.

आणि पुढचं पान एकशे एकसष्ट.

एकशे एकसष्टाव्या पानावर मुलगी आणि तिचा बाप एका गावात राहायला आलेले आहेत. नवी बाई नाही. लहान भाऊ नाही. कोणी त्यांचं नावही काढत नाही. मधला पुरता एक फर्मा गहाळ!

आमच्याकडे फर्मा गहाळ असणं हे काही नवल नव्हतं. पण मी बाइंडरची मुलगी होते. आदल्या दिवशी पुस्तक जाडीला जास्त होतं, हे मला हाताला कळत होतं. आणि त्या दिवशी शाळेतून आले तेव्हा पुस्तक दाबयंत्रात होतं. "पाठ सैल झाली होती गं, नीट केली. पुठ्ठेही नवे घातले," मावशी म्हणाली. कोणी सांगितलं होतं तिला? मी शिलाई उलगडून पाहिली. बाबा दोऱ्याची गाठ एकेरी मारायचे. ही गाठ दुहेरी होती. दुहेरी गाठ दुकानात एकच माणूस मारायचं.

मी बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, "नसेल मिळाला फर्मा. एवढं काय त्यात?" मावशीला विचारलं. ती म्हणाली, "त्यात बघण्यासारखं काही नव्हतं." नव्हतं! म्हणजे होता तर फर्मा! जीभ घसरली म्हणतात ती अशी. त्यानंतर मी कितीही खोदून विचारलं तरी तिने ताकास तूर लागू दिली नाही.

मग मला सगळं उमगलं. नव्या बाईने त्या लहान मुलाला वर नेलं आणि समुद्रात ढकललं. दोर कशाला होता ते उघड होतं. आणि नव्या बायका काय करतात हे आम्हाला कळू नये म्हणून आमच्या नव्या बाईने तेवढी पानं काढून घेतली. मी धाकट्याला बजावलं, "तिच्याबरोबर गच्चीवर जायचं नाही. एकट्याने तर नाहीच नाही."

आता हसू येतं. पण खरं सांगू, पुरतं कधीच हसू आलं नाही. मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, तरी कुठल्याही जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले की ते पुस्तक शोधायचे. कधी मिळालं नाही. आणि मावशीने काही चांगलं केलं की माझ्या मनात यायचं, आणि त्या फर्म्याचं काय? माझ्या बाळंतपणात ती महिनाभर येऊन राहिली, रात्रंदिवस राबली. मी तेव्हाही बाळाच्या पाळण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते.

तिची आणखी एक सवय मला खटकायची. तिला कधीही हाक मारा, पहिल्या हाकेला "ओ" यायची. दुपारी झोपलेली असली तरी. मी मुद्दाम हळू हाक मारून बघायचे, जिन्यातून, पांघरुणातून, तोंडावर हात ठेवून. "ओ!" लगेच. माझी खात्री होती की ही बाई झोपतच नाही. झोपेचं सोंग घेते आणि आमचं बोलणं ऐकते.

तर ते पुस्तक फळीवर होतं. मी हातात घेतलं. ओलीने मागच्या पुठ्ठ्याचा कोपरा फुगला होता आणि वरचा कागद सुटला होता. आत पुठ्ठ्याचे पापुद्रे दिसत होते. त्या काळी आमच्याकडे विकतचा पुठ्ठा फार नव्हता. रद्दी कागद एकावर एक चिकटवून, दाबून, वाळवून पुठ्ठा करायचे. मी नखाने कोपरा जरा उचलला. आत छापील अक्षरं दिसली. आणि खाली पानाचा आकडा. एकशे सत्तेचाळीस.

मी तिथेच खाली बसले.  चाळीस वर्षांहून जास्त काळ ज्या पानांसाठी मी दुकानं धुंडाळली, ती त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात होती. मी ते पुस्तक मांडीवर घेऊन किती वेळा वाचलं असेल! चोरीचा माल माझ्याच हातात देऊन ठेवला होता बयेने.

मी आधी धाकट्याला फोन लावला. साक्षीदार हवा.

"दीपगृहाचं पुस्तक आठवतं तुला?"

"न आठवायला काय झालं? तू मला गच्चीवर जाऊ द्यायची नाहीस."

"गहाळ फर्मा सापडला. पुठ्ठ्यात. तिनेच लपवला होता, मी सांगत होते की नाही?"

 तो म्हणाला, "ताई, मला ना तू सांगायचीस ते पटायचं नाही. मला वाटायचं, ती नवी बाई भावाला घेऊन निघून गेली. ती मुलगी तिच्याशी नीट बोलतच नव्हती ना. मला वाटलं, तू पण असंच करून हिला घालवणार. म्हणून तर मी तिला आई म्हणायला लागलो. राहील तरी."

"लाडूसाठी नाही?"

"लाडूसाठी पण," तो म्हणाला. "काय लिहिलंय ते वाच आणि मला सांग."

फोन ठेवला तर मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी. कधी आली कोण जाणे. तिची नजर माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर होती.

"हे काय आहे?" मी पुठ्ठा तिच्यासमोर धरला. माझा आवाज चढला होता.

"सापडलं एकदाचं," ती म्हणाली. "फौजदाराला बराच उशीर झाला."

"का काढलास तू हा फर्मा?"

"वाच. मग भांड. बादली मोरीत आहे, पाणी कोमट घे, कढत नको. मी जरा पडते." आणि कठड्याला धरून हळूहळू वर गेली. ना घाबरली, ना ओशाळली. दावे तपासताना असे लोक मी पाहिले आहेत. एक तर ते पुरते निर्दोष असतात, नाही तर पुरते बनेल.

मी पुठ्ठा सोडवून कोमट पाण्यात ठेवला. सरसाने चिकटवला असता तर पानांच्या चिंध्या झाल्या असत्या. पण पाण्यात तो शांतपणे सुटायला लागला, एक एक पान वेगळं व्हायला लागलं. खळ होती. साधी पिठाची खळ, आणि तिच्यात मोरचूद घातलेलं, म्हणून इतक्या वर्षांत कसरही लागली नव्हती. पुठ्ठा पक्का करायचा तर बाइंडर सरस वापरतो. खळ तो तेव्हा लावतो, जेव्हा पुढे कधीतरी उकलायचं असतं. म्हणजे तिने नष्ट केलं नव्हतं. राखून ठेवलं होतं. कोणासाठी, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

पानं दोरीवर घातली. निथळायचीही वाट न बघता दोरीखाली उभी राहून वाचायला लागले.

नवी बाई मुलाला ढकलत नाही. खालच्या खोल्यांत पाणी शिरायला लागलेलं असतं, म्हणून ती त्याला वर नेते, वाऱ्याने उडू नये म्हणून कठड्याला दोराने बांधते. विझलेला दिवा लावते. त्या उजेडात बापाची होडी वाट धरते. मग ती मुलीला आणायला खाली येते.

पण मुलगी लपलेली असते. कोळशाच्या खोलीत. कारण तिला पक्कं ठाऊक असतं की नव्या बाईने भावाला मारलं आणि आता आपली पाळी आहे. नवी बाई जिना उतरत हाका मारते. "पोरी, कुठे आहेस? ओ दे!" मुलगी ऐकते आणि तोंडावर दोन्ही हात दाबून धरते. हाक जवळ येते. मग लांब जाते, होड्यांच्या छपराकडे, जिकडे पाणी जास्त असतं. आणखी एकदा येते. मग येत नाही.

सकाळी बाप येतो. मुलगी कोळशाच्या ढिगावर बसलेली, जिवंत. भाऊ वर, जिवंत. त्याला पुढे मामाकडे पाठवतात, म्हणून तो नंतरच्या पानांवर नसतो. आणि एकशे साठाव्या पानाची शेवटची ओळ मुलीची होती. ती बापाला विचारते, "मी ओ दिली असती तर?" बाप उत्तर देत नाही.

मी ती ओळ परत एकदा वाचली.

माझी आई दुपारी गेली. तिला आठवडाभर ताप होता. बाबा मला म्हणाले होते, "आईजवळ बस. तिला झोप लागली आहे, आवाज करू नकोस." मी तिच्या अंथरुणाशी बसून तेच निळं पुस्तक वाचत होते, निळे उंट, निळी गावं. पानांचा आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक पान दोन बोटांनी उचलून उलटत होते. शहाण्यासारखी गप्प बसले होते. बाबा वर आले, त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि ते ओरडले. ती कधीची गेली होती. मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते.

त्यानंतर मी सगळ्यांना एकच विचारायचे. "मी हाक मारली असती तर ती उठली असती का?" बाबांना विचारलं, तर म्हणाले, असं विचारू नये. आत्याला विचारलं, ती रडायलाच लागली. शाळेतल्या बाईंनी माझं लक्ष दुसरीकडे वळवलं. आणि एकदा दुकानात, टेबलाखाली बसून, मी शिलाई करणाऱ्या त्या बाईला विचारलं होतं. हे मी विसरले होते. इतके दिवस ते मनात आलंच नव्हतं. तिने सुई खाली ठेवली होती आणि वाकून माझ्याकडे बघितलं होतं. तिनेही उत्तर दिलं नव्हतं. पण मग म्हणाली होती, "मला हाक मारून बघ बरं." मी मारली. "ओ," ती म्हणाली. "परत मार." "ओ." आम्ही तेवढाच खेळ कितीतरी वेळ खेळलो होतो.

ओल्या पानांतून पाणी ठिबकत होतं, टप टप. मी उभीच होते.

तिने ते पुस्तक माझ्याआधी वाचलं होतं. घरातलं प्रत्येकच पुस्तक ती आधी वाचायची, आणि मला वाटायचं, ही चोरून आमच्या गोष्टी वाचते. हा फर्मा तिने वाचला, आणि तिला कळलं की उद्या संध्याकाळी ही पोर शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल. मग तिने शिलाई उसवली. त्या पानांत नवी बाई किती चांगली आहे ते लिहिलं होतं हो! तिने ते मला वाचू दिलं असतं तर तिचंच भलं झालं असतं. तेवढी सोळा पानं काढल्यामुळे नवी बाई खुनी ठरली, आणि तिच्याबरोबर हीसुद्धा. मी खुनी ठरवलं आणि हिने ते चालवून घेतलं. आयुष्यभर चालवून घेतलं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला धाकटा कधीच तिच्याबरोबर जायचा नाही, का जायचा नाही हे तिला कळत नसेल?

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. माझाच मला राग आला, इतका की बादलीला लाथ मारली. मग जिन्याने वर गेले.

मावशी खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. सामान बांधून झालेलं होतं, एक पेटी आणि एक पिशवी, बस्स. दुपारचं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं.

"मावशी," मी दारातून म्हणाले.

ओ आली नाही.

मी उंबऱ्यावरच थांबले.  पांघरूण हलतंय की नाही ते दिसत नव्हतं. जन्मात असं झालं नव्हतं. जिन्यातून कुजबुजले तरी ओ द्यायची ती.

"मावशी."

काही नाही. खोली गप्प. आणि मी तिथे उभी राहून परत आठ वर्षांची झाले. आवाज करू नकोस, तिला झोप लागली आहे.

"मावशी!" मी ओरडले. "मावशी! ए मावशी!" रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली असतील. बघू देत. मी घसा फुटेस्तोवर हाका मारत सुटले.

"ओ! ओ! अगं, ओ!" ती धडपडून उठून बसली. "आग लागली का? काय झालं?" आणि उशीखाली चाचपत म्हणाली, "यंत्र काढून ठेवलं होतं कानातलं. पडल्यावर टोचतं गं. कधीपासून हाका मारतेस?"

मी तिच्याशेजारी कॉटवर बसले.  तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ओल्या हातांकडे.

"वाचलंस?"

मी मान हलवली.

"मोठी झालीस की देणार होते. मग वाटलं, आता हिला मूल झालंय, आता नको. मग वाटलं, आता कशाला." तिने पांघरूण बाजूला सारलं. "हं. भांड आता."

"आश्रमात तुझं नाव काढून टाक," मी तिच्या कानाशी म्हणाले. "माझ्याकडे चल. खोली रिकामी आहे."

तिने डोळे बारीक केले. "सामान होतं ना त्यात?"

"इस्त्रीचं टेबल आहे. उचलते."

"एकाएकी का पण? धाकट्याने काही सांगितलं का? की लोक काही बोलले?" सुईत दोरा ओवणारे ते डोळे माझा चेहरा उसवून बघत होते. "काय शिजतंय तुझ्या डोक्यात?"

"काही शिजत नाही. मला तू घरी हवी आहेस. मला तुला हाक मारायची आहे, दुसरं काही नाही."

असं मी कोणाला कधी बोलले नव्हते. मलाच ते ऐकताना कसंतरी झालं.

 खाली दुकानात पानांचं पाणी ठिबकत होतं तेवढंच ऐकू येत होतं, मला. तिला नसेल.

"तू मला झोपू देणार नाहीस," ती शेवटी म्हणाली. "दर थोड्या वेळाने उठवशील. तुझ्या नवऱ्याने सांगितलंय मला सगळं."

"उठवीन."

"दुपारचीसुद्धा?"

"दुपारची तर नक्कीच."

"बरं," मावशी म्हणाली, आणि उशीखालचं यंत्र काढून तिने कानात घातलं.